मळीच्या आंबवणींत जंतूंचा उपद्रव
(एक निवृत्त महसूल कारकून, पंचवटी)

दारणा धरण १९१६ सालीं पुरें झालें आणि गोदावरीच्या कालव्यांचें पाणी निफाडकडील काळ्या जमिनींत खेळूं लागलें, तेव्हांपासून त्या बाजूस उंसानें जें ठाण मांडलें तें आजतागायत. साखर काढून घेतल्यावर जो काळा, चिकट व पुन्हां दाणा न धरणारा रस कारखान्यांत मागें राहतो, त्यास आपण मळी म्हणतों. एके काळीं ही मळी कोठें टाकावी याचीच कारखानदारांस विवंचना असे. आज ती साखरेच्या खालोखाल मोलाची वस्तु झाली आहे. कारण तिच्यापासून मद्यार्क, म्हणजे हल्लीं ज्यास सर्वत्र इथेनॉल म्हणतात तो, काढितां येतो. पेट्रोलांत शेंकडा ५ मद्यार्क मिसळण्याचा कार्यक्रम कांहीं राज्यांत २००३ सालीं सुरू झाला; २०२५ सालीं हें प्रमाण शेंकडा २० पर्यंत जाऊन पोंचलें.

यांत आपला संबंध काय, असें कोणी विचारील. महाराष्ट्रांत उंसाच्या दराविषयीं २०१३ सालीं जो कायदा झाला, त्यांत साखर व तिच्याबरोबर निघणारी मळी, बगॅस आणि प्रेसमड यांच्या उत्पन्नाचा शेंकडा ७० भाग ऊंस उत्पादकाकडे यावा, असें तत्त्व घातलें आहे. शिवाय कारखाना सहकारी असला म्हणजे त्याच्या डिस्टिलरीचा नफातोटा शेवटीं सभासदाच्याच पदरीं पडतो. तेव्हां टांकींत मद्यार्क कमी कां उतरला, हा प्रश्न रसायनज्ञाचा आहे तितकाच सातबारा ज्याच्या नांवें आहे त्याचाहि आहे.

एक टन सी-जड मळींतून सुमारें सव्वादोनशें लिटर मद्यार्क निघावा, असा सामान्य हिशेब धरितात. परंतु डिस्टिलरींतील कोणत्याहि अनुभवी माणसास विचारा. तो सांगेल कीं, एकाच मळीच्या दोन शेजारशेजारच्या टांक्यांपैकीं एक पुरा उतारा देते आणि दुसरी मध्येंच रुसते. तिचा फेंस वेगळा, वास वेगळा, आणि ठरलेला वेळ होऊन गेला तरी रसांत साखर शिल्लक. या रुसव्याचें कारण बहुधा एकच असतें. टांकींत ज्याला कामास लाविलें आहे त्याच्याखेरीज दुसरेंच कोणी आंत शिरून जेवूं लागलेलें असतें.

कामास लाविलेला तो यीस्ट. हा बुरशीच्या कुळांतील एकपेशी जीव असून इतका बारीक कीं, एका रेषेंत मांडल्यास एका मिलिमीटरांत दीडशेंवर मावावे. साखर खाऊन तो मद्यार्क व कर्बाम्ल वायु बाहेर टाकतो. रसायनशास्त्राच्या हिशेबानें १०० किलो द्राक्षशर्करेपासून ५१ किलो मद्यार्क व ४९ किलो कर्बाम्ल वायु निघावयास पाहिजे. प्रत्यक्षांत यीस्टास स्वतःच्या वाढीसाठीं थोडी साखर लागते, थोडें ग्लिसरीन होतें, आणि म्हणून या आंकड्याच्या शेंकडा ९० च्या आसपास साधलें तरी काम उत्तम झालें असें मानतात. जो मजूर शंभरांतील दहाच स्वतःसाठीं ठेवितो, त्यास महाग कोण म्हणेल?

आंत शिरणारे पाहुणे मात्र निराळ्या जातीचे आहेत. त्यांतील मुख्य म्हणजे लॅक्टोबॅसिलस या वर्गाचे जंतु. हे आपल्या घरोघर ओळखीचे आहेत. दुधास विरजण लाविल्यावर जी मंडळी तें आंबट करितात, आंबील रात्रभर ठेवली असतां जी तिला आंबट करितात, आणि मक्याचा हिरवा चारा खड्ड्यांत दाबून मुरघास केला असतां जी त्यास टिकवितात, त्यांचीच हीं भावंडें. खड्ड्यांतील आंबटपणा चाऱ्यास राखतो, म्हणून मुरघासांत आपण त्यांस मित्र समजतों. मद्यार्काच्या टांकींत तेच शत्रु ठरतात. त्यांच्याखेरीज उंसाच्या रसास तार आणणारा ल्यूकोनॉस्टॉक, उघड्या हवेंत मद्यार्काचा शिरका करून टाकणारा ॲसेटोबॅक्टर, आणि कुजक्या लोण्यासारखा वास आणणारे क्लॉस्ट्रिडियम हेहि वेळप्रसंगीं हजर होतात. यीस्टास अनुकूल स्थितींत दुप्पट होण्यास दीडदोन तास लागतात, तर यांतील कित्येक जंतु अर्ध्या-पाऊण तासांत दुप्पट होतात. पिकापेक्षां तण लौकर वाढतें, हें आपणांस नव्यानें सांगावयास नको.

या गोष्टीचा शोध लागला तोहि एका डिस्टिलरीच्याच तोट्यांतून. १८५६ सालीं फ्रान्स देशांतील लील शहरीं बिगो नांवाच्या कारखानदाराकडे बीटाच्या रसापासून मद्यार्क काढीत असत. त्याच्या कांहीं पिंपांतील रस आंबट होऊन मद्यार्क कमी येऊं लागला, तेव्हां त्यानें तेथील विज्ञानशाखेचे प्रमुख लुई पाश्चर यांचेकडे धांव घेतली. पाश्चर यांनीं सूक्ष्मदर्शकाखालीं थेंब ठेवून पाहिले. चांगल्या रसांत वाटोळे कण, नासलेल्या रसांत लांबट कांड्या. मद्य होणें हें एका जीवाचें काम व आंबट होणें हें दुसऱ्याचें, हा विचार येथून पुढें वाढत गेला आणि १८५७ सालीं दुधाच्या आम्लाच्या आंबवणीवरील त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. रोगजंतूंची सारी विद्या पुढें याच वाटेनें आली. एका व्यापाऱ्याच्या नासलेल्या पिंपांनीं जगावर केवढे उपकार केले!

आतां नुकसान कसें होतें तें पाहूं. पहिलें नुकसान उघड चोरीचें आहे. जी साखर यीस्टानें खावयाची ती जंतु खातात व तिचें लॅक्टिक आम्ल करितात. यांत दोन जाती आहेत. एक जात सबंध साखरेचें आम्लच करिते. दुसरी अर्ध्याचें आम्ल व उरलेल्याचा मद्यार्क आणि वायु करिते. दुसरी जात निदान थोडा मद्यार्क देते म्हणून ती बरी असें वाटेल; पण हिशेब मांडून पाहिला तर दोहोंतहि तयार झालेल्या प्रत्येक ग्रॅम लॅक्टिक आम्लामागें सुमारें अर्धा ग्रॅम मद्यार्क बुडतोच. खातें कसेंहि फिरवा, शिल्लक तितकीच कमी. मळींत फळसाखरहि असते. दुसऱ्या जातीचे जंतु तिचें मॅनिटॉल नांवाच्या पदार्थांत रूपांतर करितात व बरोबर शिरक्याचें आम्ल सोडतात. मॅनिटॉलाचा डिस्टिलरीच्या यीस्टास कांहीं उपयोग नाहीं.

तीस वर्षें वसुलीचे तक्ते लिहिल्यामुळें आंकडा मांडल्याशिवाय मला समाधान होत नाहीं, म्हणून एक उदाहरण घेतों. तीन लाख लिटरांची एक टांकी आहे असें धरा. तींत लिटरामागें एकच ग्रॅम लॅक्टिक आम्ल जास्त झालें, तर ३०० किलो साखर गेली आणि तिच्याबरोबर सुमारें १५३ किलो, म्हणजे १९४ लिटर मद्यार्क गेला. सन २०२४-२५ च्या पुरवठा वर्षाकरितां सी-जड मळीच्या इथेनॉलास केंद्र सरकारनें लिटरास ५७ रुपये ९७ पैसे दर ठरविला होता. त्या दरानें एका टांकीमागें अकरा हजार दोनशेंवर रुपये झाले. आम्ल लिटरामागें पांच ग्रॅम झालें तर छप्पन हजार. आणि हंगामांत टांकी एकदां भरत नाहीं.

परंतु चोरीपेक्षां दुसरें नुकसान मोठें आहे, आणि तें म्हणजे मजूरच आजारी पडणें. यीस्टाच्या पेशीबाहेर रस आंबट असतो व आंत जवळजवळ मध्यम असतो. शिरक्याचें किंवा दुधाचें आम्ल आंबट रसांत असतांना त्याचा बराच भाग न फुटलेल्या रूपांत राहतो, आणि या रूपांत तें पेशीच्या पातळ पडद्यांतून सहज आंत झिरपतें. आंत गेल्यावर तें फुटतें व आंतील भाग आंबट करूं लागतें. यीस्टास तो आंबटपणा सतत बाहेर उपसावा लागतो. पावसांत घरांत पाणी शिरलें म्हणजे घरच्या माणसांचा दिवस तें उपसण्यांतच जावा व चूल पेटूं नये, तशी त्याची गत होते. शिरक्याचें आम्ल रसांत शेंकडा ०.०५ ते ०.१ इतकें झालें कीं यीस्टास ताण बसूं लागतो, आणि शेंकडा ०.६ च्या सुमारास त्याची वाढ थांबते. दुधाच्या आम्लाचे हेच आंकडे अनुक्रमें शेंकडा ०.२ ते ०.८ व २.५ असे आहेत. म्हणजे शिरक्याचें आम्ल चौपटीनें जाचक. दोन्ही एकत्र असलीं, त्यांत उन्हाळा आणि वाढता मद्यार्क यांची भर पडली, तर याहूनहि कमी प्रमाणांत काम अडतें. मग टांकींत साखर असून खाणारा नाहीं, अशी स्थिति होते. पुष्कळशी न आंबलेली साखर स्पेंटवॉशबरोबर वाहून जाते व सांडपाण्याचा त्रास वाढविते, तो निराळाच.

तिसरा प्रकार ऐकून मला नवल वाटलें. कांहीं जंतु यीस्टाच्या पेशींस चिकटून त्यांचे गोळे बांधतात. गोळे झालेलें यीस्ट रसांत तरंगत न राहतां तळाशीं बसतें, आणि वरची साखर तशीच राहते. जेथें यीस्ट वेगळें काढून पुन्हां वापरितात तेथें तर हे गोळे यंत्रांत अडकतात. शिवाय मरणाऱ्या यीस्टांतून जीं सत्त्वें बाहेर पडतात, त्यांवरच लॅक्टोबॅसिलस पोसतो. हा जंतु खाण्यापिण्याच्या बाबतींत मोठा चोखंदळ असून साध्या साखरेवर त्याचें भागत नाहीं. यजमान जितका दुबळा, तितकें पाहुण्याचें ताट भरलेलें.

हे जंतु येतात कोठून? घट्ट मळींत साखर व क्षार इतके दाट असतात कीं, मधाप्रमाणें तींत कोणी वाढूं शकत नाहीं. जंतु तेथें निजून राहतात. पाणी घालून ती पातळ केली कीं जागे होतात. साठवणीच्या टांकीचें छप्पर गळत असेल तर पावसाचें पाणी मळीवर तरंगतें व वरचा थर पातळ होऊन तेथेंच नासाडी सुरू होते. पाण्याबरोबर, नळांच्या वांकणांत साचलेल्या गाळांतून, थंड करण्याच्या यंत्राच्या पत्र्यांमधून, आणि मागच्या टांकींतून उचलून पुढच्या टांकींत घातलेल्या यीस्टाबरोबरहि ते येतात. दिंडोरी रोडच्या बाजार आवारांत टोमॅटोच्या एका क्रेटमध्यें एक फुटका राहिला तर संध्याकाळपर्यंत शेजारच्या चारांची काय दशा होते, हें ज्यानें पाहिलें आहे त्यास नळांतील एका घाणेरड्या कोपऱ्याचें महत्त्व वेगळें सांगावयास नको.

परंतु यांतील एक वाट थेट आपल्या बांधावरून जाते, आणि तिच्याविषयीं थोडें विस्तारानें लिहिणें जरूर आहे. ऊंस तोडतांच त्याच्या कापल्या तोंडांतून ल्यूकोनॉस्टॉक आंत शिरतो. हा उंसाच्या साखरेपासून डेक्स्ट्रान नांवाचा बुळबुळीत पदार्थ करितो व जोडीला आम्लें सोडतो. ऊंस तोडून बांधावर किंवा गाडीवर जितका अधिक वेळ पडून राहील तितका हा प्रकार वाढतो. उन्हाळ्यांत अधिक जोरानें वाढतो. आणि पेटविलेल्या उंसाची साल तडकल्यामुळें त्यांत तर जंतूंस दरवाजेच उघडे मिळतात. यंत्रानें तोडलेल्या उंसाचे तुकडे लहान, म्हणून कापलीं तोंडेंहि जास्त. तो तोडल्यावर तासांच्या हिशेबानेंच गाळावा लागतो. डेक्स्ट्रानामुळें रस दाट होतो, साखरेचा दाणा नीट धरत नाहीं व तो लांबट होतो. इतकें पुष्कळांस ठाऊक असतें. परंतु आम्लांचें पुढें काय होतें, हें फारसें कोणी सांगत नाहीं. कारखान्यांत रसास चुना देतात तेव्हां हीं आम्लें चुन्याशीं मिळून त्यांचे क्षार होतात. आंबटपणा गेल्यासारखा दिसतो, पण ते क्षार साखरेबरोबर बाहेर न पडतां मळींतच सांठतात. पुढें डिस्टिलरींत मळी पातळ करून तींत गंधकाम्ल घातलें कीं, तेंच शिरक्याचें आम्ल पुन्हां मोकळें होऊन यीस्टाच्या समोर उभें राहतें. म्हणजे शिळ्या उंसाची नासाडी साखरेच्या पोत्यांत एकदां भरावी लागते व मद्यार्काच्या टांकींत दुसऱ्यांदां. तोडणीच्या पाळीचा घोळ, टोळी न येणें, गाडीतळावरील रांगा यांचा दोष सर्वस्वीं शेतकऱ्यावर ढकलणें मला मान्य नाहीं; तोडणीचें वेळापत्रक कारखान्याच्या हातीं असतें. पण लौकर तोड मिळावी म्हणून ऊंस पेटवून देण्याची जी संवय कांहीं ठिकाणीं पडली आहे, ती मात्र आपल्याच खिशास काडी लावणें आहे.

उपायांत पहिला उपाय पेरणीचाच. आरंभींच भरपूर, जोमदार व शुद्ध यीस्ट घातलें तर तें जागा व्यापून टाकतें व जंतूंस पसरावयास सवड राहत नाहीं. दुसरें, थंडावा. यीस्टास ३० ते ३३ अंश उष्णता मानवते. ती ३५ च्या वर गेली कीं यीस्ट थकूं लागतें आणि कित्येक लॅक्टोबॅसिलस खुलतात. आंबवण स्वतःच उष्णता सोडते, म्हणून चैत्र-वैशाखांत थंड पाण्याची सोय तोकडी पडली कीं बिघाड ठरलेला. तिसरें, रसाचा आंबटपणा, ज्यास पीएच म्हणतात तो, साडेचाराच्या आसपास ठेवणें. येथें यीस्ट सुखी असतें व बहुतेक जंतु नाखूष. लॅक्टोबॅसिलस मात्र आंबटपणास सरावलेला असल्यामुळें तेवढ्यानें हटत नाहीं. ब्राझिल देशांत एकेक टांकींतील यीस्ट वेगळें काढून तें पुन्हां पुन्हां वापरितात, आणि मध्यंतरीं तास-दोन तास गंधकाम्लाच्या सौम्य पाण्यांत, पीएच २ ते २.५ वर, धुवून घेतात. यीस्ट तें सोसतें, पुष्कळ जंतु सोसत नाहींत. ही रीत मूळ फ्रान्समधील असून मेल-बुआनो या नांवानें ओळखली जाते. याखेरीज नळ व टांक्या कॉस्टिक सोड्यानें व वाफेनें धुणें हें नित्यकर्म आहे.

बिघाड ओळखण्यास फार खर्चाचीं साधनें लागत नाहींत. चांगला सूक्ष्मदर्शक असला म्हणजे वाटोळें यीस्ट व कांड्यांसारखे जंतु वेगळे दिसतात. मेथिलीन ब्ल्यू नांवाचा रंग घातला असतां मेलेलें यीस्ट निळें होतें, जिवंत बिनरंगी राहतें. आणि आंबवणीच्या आरंभींचें आम्लाचें मान व शेवटचें मान रोज वहींत लिहून ठेविलें, तर वाढता फरकच चोर दाखवून देतो. मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट १९७५ पासून साखर कारखान्यांस मार्गदर्शन करीत आली असून तेथें मद्यार्काच्या तंत्राचा स्वतंत्र विभाग आहे. कारखान्याच्या वार्षिक सभेंत आपण साखरेचा उतारा दशांशापर्यंत विचारतों. त्याच जागीं आंबवणीचा शेंकडेवारी उतारा व मळींतील उडत्या आम्लाचें मान हे दोन आंकडेहि विचारावयास हरकत नाहीं.

द्राक्षबागाइतदारांसहि हा विषय परका नाहीं. आपल्या जिल्ह्यांत वाइनचा धंदा वाढला असून सुला येथील पहिली वाइन २००० सालीं बाजारांत आली. द्राक्षांत साखर तयारच असते व जंतूहि सालीवर तयारच असतात. पक्ष्यांनीं टोंचलेला किंवा चिरलेला मणि म्हणजे ॲसेटोबॅक्टराची खानावळ. म्हणून वाइन करणारे तसे घड नाकारतात, तो केवळ भाव पाडण्याचा बहाणा नसतो. रसांत ते गंधकाच्या धुराचा अंश, बहुधा मेटाबायसल्फाइटाच्या रूपानें, घालतात. त्यास यीस्टापेक्षां जंतु लौकर दबतात. गंमत अशी कीं, कांहीं वाइनींत मागाहून ईनोकॉकस नांवाचा एक जंतु मुद्दाम वाढूं देतात. तो द्राक्षांतील तिखट आंबटपणा मवाळ करितो. आपल्याच नाशकास पहिल्या महायुद्धाच्या काळांत दारूगोळ्यास लागणारें ॲसिटोन काढण्याचा कारखाना उभारण्यांत आला होता, त्या आंबवणींत तर राबणारा जीव यीस्ट नसून एक क्लॉस्ट्रिडियम जंतूच असतो. आणि तेथेंहि टांकींत लॅक्टोबॅसिलस शिरला कीं काम बिघडतें.

शेवटीं एका उपायाविषयीं सावधगिरीची गोष्ट. टांकींत जंतु फार झाले म्हणजे पेनिसिलिन, व्हर्जिनियामायसिन यांसारखीं जंतुनाशक औषधें घालण्याची पद्धत अनेक देशांत आहे. यीस्ट बुरशीच्या कुळांतील असल्यामुळें त्यास त्यांचा उपद्रव होत नाहीं, जंतु मरतात, आणि दोन दिवसांत टांकी सुधारते. म्हणून हा उपाय मोहक आहे. परंतु तीं वारंवार घातलीं कीं जंतु त्यांस पुरून उरतात व पुढें मात्रा वाढवावी लागते. मळीचा शेष सांडपाण्यांत जातो. मक्यापासून मद्यार्क काढितात तेथें मात्र उरलेला चोथा वाळवून जनावरांच्या व कोंबड्यांच्या खाद्यांत विकतात, आणि येवला-मालेगांवकडील आपल्या मंडळींचा मका अलीकडे त्या वाटेनें जाऊं लागला आहे. अमेरिकेंत अशा चोथ्यांत औषधांचे अवशेष आढळल्यामुळें तेथील अन्न व औषध खात्यास लक्ष घालावें लागलें होतें. हॉप नांवाच्या वेलीच्या फुलांतील कडू आम्लें व क्लोरिन डायॉक्साइड हे पर्यायहि वापरांत आहेत. गोठ्यासाठीं असा चोथा घेणाऱ्यानें विक्रेत्यापाशीं प्रथिनांचें प्रमाण विचारतांना, आंबवणींत औषध घातलें होतें कीं काय, हेंहि विचारून घ्यावें व शक्य तर पावतीवर लिहवून घ्यावें.